दांडपट्ट्याची वंशावळ कोण लिहिणार?

समाजमाध्यमांवर एक दावा पुन्हापुन्हा फिरतो: कराटे मूळचे आपलेच, बोधिधर्माने ते चीनमध्ये नेले आणि तेथून ते जपानला पोहोचले. या कथेचा मुख्य आधार मानला जाणारा ‘यिजिन जिंग’ हा ग्रंथ सतराव्या शतकातला, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारएक वर्षांचा. असा उसना अभिमान मला रुचत नाही.

ओकिनावाचीही एक लोकप्रिय कथा आहे. 1609 मध्ये सात्सुमाच्या शिमाझू घराण्याने र्‍युक्यू राज्य जिंकले, शस्त्रे हिरावली आणि शेतकऱ्यांनी विळ्याकोयत्यांतून युद्धकला घडवली. ऐकायला गोड; पण साई हे तीन टोकांचे लोखंडी आयुध तेथील शिपाई वापरत आणि मात्सुमुरा सोकोन हा थोर गुरू राजाच्या पदरी होता. ही विद्या प्रामुख्याने राजसेवेतल्या घराण्यांत वाढली.

हेवा वाटावा असे तेथे दुसरेच काही आहे. कराटेत ठरलेल्या क्रमाच्या हालचालींना ‘काता’ म्हणतात. ‘साकुगावा नो कोन’ म्हणजे साकुगावाची काठी. ‘चाटान यारा नो साई’ म्हणजे चाटान गावच्या याराची साई. गुरूचे नाव, कधी गावही, हालचालीच्या नावातच गोवलेले! बंदीश सांगताना आपले गवई ती कोणाकडून मिळाली हे सांगतात, तसेच हे. पुढे याबिकू मोदेन आणि त्यांचे शिष्य ताइरा शिन्केन (1897–1970) यांनी विखुरलेले शस्त्रांचे काता गोळा केले, म्हणून ते टिकले.

आपल्याकडे असे कोणी नव्हते काय? होते. 1936 मध्ये नाहा येथे जमलेल्या गुरूंनी ‘कराटे’चा अर्थ ‘रिक्त हात’ असा पक्का केला. त्याच वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आले, आणि बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’चा पहिला खंड निघाला. पुढे त्याचे दहा खंड झाले. आज किती जणांनी त्यांतला एक तरी उघडला आहे?

2024 च्या शिवजयंतीला दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. आनंद आहे. परंतु या शस्त्राची मूठ कोपरापर्यंतच्या लोखंडी आवरणात बंद असते. मनगट वळत नाही, वार खांद्यातून आणि कोपरातून फिरवावा लागतो. हे संग्रहालयातल्या काचेआडून कळत नाही, शिकवणाऱ्याच्या अंगातूनच कळते. 1878 च्या शस्त्रबंदी कायद्यानंतरही तालमींनी लाठी आणि फरी-गदका चालू ठेवले, ते अशाच माणसांच्या बळावर. घोषणेचा शासननिर्णय सहज सापडेल. त्या वस्तादांची नावे मात्र बहुतांशी तोंडीच आहेत.

तेव्हा गोरेगावात किंवा सेनगाव तालुक्यात कुठेही लाठी फिरवणारे आजोबा भेटले, तर आधी त्यांचे वस्ताद कोण, त्या वस्तादांचे वस्ताद कोण, हे विचारून वहीत लिहा. चित्रफीत त्यानंतर काढा.