कुलूप लावले, पण नव्या पाहुण्याचे काय?

व्यापारी बंधूंनो, आपल्यापैकी अनेकांच्या दुकानात आता बिलिंगचा संगणक आहे आणि मोबाइल तर प्रत्येक कारागिराच्या खिशात आहे. उधारीची खाती, बँकेचा व्यवहार, गिऱ्हाइकांचे नंबर सारे त्यातच असते. रात्री पासवर्ड लावला, मोबाइल लॉक केला की आपण निर्धास्त होतो. माझे मत असे की ही निर्धास्ती अर्धवट आहे. कुलूप पडद्याला लागते, यूएसबीच्या तोंडाला लागतेच असे नाही.

गोष्ट समजायला अवघड नाही. नवे उपकरण जोडले की ऑपरेटिंग सिस्टिम त्याला विचारते, तू कोण? उपकरण आपल्या कंपनीचा क्रमांक, मालाचा क्रमांक आणि आपला प्रकार सांगते. त्यावरून सिस्टिम त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्राम, शोधते आणि दोघांची गाठ बांधून देते. हे बहुधा मालकाला न विचारताच होते. माझ्या दुकानातला बारकोड स्कॅनर संगणकाला आपली ओळख 'कीबोर्ड' अशी करून देतो आणि संगणक ती मान्य करतो. स्कॅनर प्रामाणिक आहे, म्हणून निभावते.

सगळेच प्रामाणिक नसतात. २०१४ साली कार्स्टेन नोल आणि याकोब लेल या जर्मनीतील संशोधकांनी अमेरिकेतील ब्लॅक हॅट परिषदेत दाखवून दिले की, साध्या पेनड्राइव्हच्या आतला प्रोग्राम बदलला तर तो स्वतःला कीबोर्ड म्हणवून संगणकाला हुकूम देऊ लागतो.

कोणी म्हणेल, पडदा लॉक असताना कीबोर्ड काय करणार? खरा धोका याच्या पुढे आहे. ड्रायव्हर बहुधा सिस्टिमच्या अगदी आतल्या खोलीत, तिजोरीजवळ काम करतो. त्याच्यात चूक असेल तर पासवर्डची गरजच उरत नाही. सर्बियात हेच घडले. डिसेंबर २०२४ मध्ये बेलग्रेडमध्ये एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा लॉक केलेला अँड्रॉइड फोन पोलिसांनी सेलेब्राइट कंपनीच्या यंत्राने उघडला. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याचा तपशील प्रसिद्ध केला. फोनला एकामागून एक वेबकॅम, साउंड कार्ड, टचपॅड जोडल्याचा भास करून देण्यात आला होता. फोन प्रत्येकाला ओळख देत गेला आणि ड्रायव्हरमधल्या जुन्या चुकांतून रस्ता मोकळा झाला. ते साउंड कार्ड वीसेक वर्षांपूर्वीच्या जातीचे होते. ते आपल्या मोबाइलला कोण लावतो? तरी त्याचा ड्रायव्हर आत तयार बसलेला होता.

दुसरे म्हणणे असे की ड्रायव्हरवर कंपनीची सही असते, मग भीती कशाची? ऑगस्ट २०२१ चे उदाहरण पाहा. रेझर कंपनीचा माउस विंडोजच्या संगणकाला लावला की विंडोज त्या कंपनीचा प्रोग्राम स्वतः उतरवून सर्वोच्च अधिकाराने चालवत असे. त्या प्रोग्रामच्या एका खिडकीतून साधा नोकरही संगणकाचा पूर्ण मालक होऊ शकत होता. सही अस्सल होती, कंपनी अस्सल होती, तरी दार उघडे राहिले. चूक लक्षात आणून दिल्यावर कंपनीला दुरुस्ती करावी लागली.

म्हणून माझी मागणी साधी आहे. यंत्र कुलूपबंद असताना कोणत्याही नव्या उपकरणाशी गाठ बांधू नये. आधीपासून जोडलेला कीबोर्ड चालू द्यावा, नाहीतर पासवर्ड तरी कशाने टाकणार? पण नव्याने मालकाच्या परवानगीची वाट पाहावी. हे अशक्य नाही. अ‍ॅपलने २०१८ पासून आयफोनमध्ये अशी सोय केली आहे की, फोन तासभर लॉक राहिला तर नवे उपकरण स्वीकारले जात नाही. तिच्यातही पळवाट निघाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बुजवावी लागली. तरी मूळ तत्त्व बरोबर आहे. स्वस्त मोबाइल घेणाऱ्या गरीब कारागिरालाही हे संरक्षण मिळाले पाहिजे, तेही आपोआप चालू असलेले. सेटिंग शोधत बसणे त्याचे काम नव्हे.

तोवर आपण एवढे करू शकतो. अपडेट टाळू नये. कोणाचाही पेनड्राइव्ह काउंटरवरच्या संगणकाला लावू नये. रोजच्या कामाला मालकाच्या अधिकाराचे खाते वापरू नये. मोबाइल परक्या हातात जाणार असेल तर बंद करून द्यावा. बंद करून पुन्हा सुरू केलेल्या फोनमधली बहुतेक माहिती पासवर्ड टाकेपर्यंत उघडत नाही.

सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार ठेवण्याची ताकीद आहे. माणूस खोटाच असतो म्हणून ती ताकीद नाही, नुसत्या तोंडी शब्दावर दुसऱ्याचा हक्क सोपवू नये म्हणून आहे. अनोळखी आडत्या आला तर आपण चौकशी केल्याशिवाय त्याला एक तागा उधार देत नाही. मग ज्या यंत्रात गिऱ्हाइकांची अमानत आहे, त्याने तरी कोणाच्याही शब्दावर दार का उघडावे?