कोंबडी दिली, पण परस कुठे आहे?

परसातील कोंबडीपालन! सरकारी पुस्तिकांतून हा शब्द वाचायला मोठा गोड वाटतो. घरामागे मोकळी जागा, तिथे दिवसभर कोंबड्या फिरणार, किडे-मुंग्या, गवताचे बी, सांडलेले दाणे वेचणार आणि दिवस मावळला की आपोआप खुराड्यात येणार. खर्च जवळपास नाही आणि अंडी मात्र घरची! हे चित्र काढणाऱ्या साहेबांना आम्ही एकच प्रश्न विचारतो. ज्या वस्तीत एका घराची भिंत दुसऱ्या घराला चिकटलेली आहे, पुढच्या दाराशी गटार आहे आणि मागच्या दारापासून दुसऱ्याचा बांध सुरू होतो, त्या वस्तीत परस कुठे आहे?

हा प्रश्न आम्हाला घरी बसून सुचलेला नाही. मागच्या पावसाळ्यात मराठवाड्यातील एका गावाहून पाच महिला आमच्याकडे आल्या. पंचायत समितीमार्फत त्यांना तलंगांचे गट मिळाले होते. वस्तीला लागून एका बड्या शेतकऱ्याचे सोयाबीन. कोंबड्या पेर उकरतात म्हणून आधी शिवीगाळ झाली, मग धमक्या आल्या आणि एके दिवशी सकाळी सहा तलंगा बांधावर मरून पडलेल्या सापडल्या. चोचीत दाणे तसेच होते. पोलीस ठाण्यात गेल्या तर तिथे हसून उत्तर मिळाले, कोंबडीची कसली फिर्याद घेऊन आलात?

कोंबडीचीसुद्धा फिर्याद असते! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार कोणत्याही प्राण्याला मारण्याची, विष घालण्याची आगळीक केली तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. जुन्या दंड विधानात कलम ४२८ खाली प्राण्याची किंमत दहा रुपये तरी असावी लागे. आता ती अटसुद्धा उरली नाही. दुसरी गंमत अशी की, ज्या कोंडवाड्याच्या कायद्याची धमकी या महिलांना दिली गेली, त्या १८७१ च्या कायद्यात ‘गुरे’ या शब्दाच्या व्याख्येत हत्ती आहे, उंट आहे, गाढव आहे, डुक्कर आहे, शेळीचे करडूसुद्धा आहे, कोंबडी नाही. पिकाचे नुकसान झाले असेल तर भरपाईसाठी दिवाणी न्यायालयाचा दरवाजा उघडा आहे. विष घालण्याचा अधिकार कुठल्याही सातबाऱ्यावर लिहिलेला नाही.

हे सगळे आम्ही त्यांना समजावून सांगितले. अर्ज लिहून दिला. त्यावर त्यांच्यातली वयाने मोठी असलेली बाई म्हणाली, “सायब, केस चालंल तवा चालंल. तवर कोंडून ठिवलेल्या कोंबड्यांला घालू काय, ते सांगा की.”

कायद्याची पदवी घेतलेल्या आमच्याकडे याचे उत्तर नव्हते. आणि खरा प्रश्न तोच होता.

मोकळी फिरणारी कोंबडी आपले पोट बरेचसे स्वतः भरते. कोंडलेली कोंबडी रोज शंभर ते एकशेदहा ग्रॅम खाद्य मागते. पंचवीस माद्या आणि तीन नर म्हणजे दिवसाला तीन किलो, महिन्याला नव्वद किलो! अनुदानावर जो २५ अधिक ३ चा गट मिळतो, त्यातल्या तलंगा आठ-दहा आठवड्यांच्या असतात. त्या अंड्यावर येतात पाचव्या-सहाव्या महिन्यात. मधले तीन महिने त्या नुसत्या खातात. वाढत्या पक्ष्याला सरासरी सत्तर ग्रॅम धरले तरी पहिले अंडे दिसण्याआधी पावणेदोन क्विंटल खाद्य संपते. हा हिशेब वाटपाच्या दिवशी कोणी त्या बाईला सांगतो काय? आम्ही ज्यांना ज्यांना विचारले त्यांपैकी एकीलाही तो सांगितलेला नव्हता. वाटपाचा फोटो मात्र सगळ्यांचा निघाला होता.

मग व्हायचे तेच होते. पोत्याचे खाद्य परवडत नाही, म्हणून घरातली ज्वारी, रेशनच्या तांदळाची कणी असे जे असेल ते टाकले जाते. ज्वारी-मक्यात प्रथिने नऊ-दहा टक्के; अंड्यावरच्या कोंबडीला लागतात सोळाच्या आसपास. नुसत्या दाण्यावर ती चरबी धरते, अंडी देत नाही. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते. बाहेर फिरताना ती चुनखडीचा खडा, गोगलगायीचे कवच शोधून खाते. खुराड्यात ते कुठून मिळणार? मग ती आपल्या हाडातले काढून देते, पाय लुळे पडतात, अंडी पातळ कवचाची येतात, आणि एकदा का फुटलेले अंडे चाखले की कोंबडी स्वतःचीच अंडी फोडून खायला लागते. शेवटी तिला विकतात किंवा कापतात. कागदावर शेरा पडतो, लाभार्थ्याने योजनेचा नीट लाभ घेतला नाही!

आमच्या ओळखीचे, पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले आपल्याच समाजातील एक गृहस्थ आहेत. त्यांना घेऊन आम्ही एका रविवारी त्या वस्तीत गेलो. बुद्धविहारासमोरच्या ओट्यावर प्लास्टिकचा कागद अंथरला आणि दोन तासांत दहा किलो खाद्य घरच्या घरी तयार झाले. ज्यांना उपयोग होईल त्यांनी हे प्रमाण कापून ठेवावे. मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा पाच किलो, तांदळाची कणी एक किलो, गव्हाचा कोंडा एक किलो, सोयाबीनची पेंड दोन किलो, शिंपल्याचा चुरा सातशे ग्रॅम, कोंबड्यांसाठीचे क्षार मिश्रण अडीचशे ग्रॅम आणि मीठ फक्त तीस ग्रॅम. यात प्रथिने साडेपंधरा टक्क्यांच्या घरात बसतात. हे अंड्यावर आलेल्या कोंबडीचे खाद्य झाले. तलंगांना शिंपला इतका घालायचा नाही, चिमूटभर पुरे. लहान वयात चुना जास्त झाला तर मूत्रपिंडे बिघडतात. आणि अगदी लहान पिलांना वीस टक्के प्रथिने लागतात, जीवनसत्त्वेही नेमकी लागतात. पहिले सहा आठवडे पोत्याचेच खाद्य घ्यावे असे आमचे स्पष्ट मत आहे. घरचे ते सगळे चांगले, हा हट्ट पिलांच्या जिवावर बेततो.

मिसळण्याची एक रीत आहे. मीठ आणि क्षार मिश्रण आधी मूठभर भरड्यात कालवायचे, ते मग किलोभर भरड्यात आणि ते शेवटी सगळ्या ढिगात. एकदम टाकले तर एका कोंबडीच्या चोचीत सगळे मीठ जाते आणि दुसरीला काहीच मिळत नाही. मिठाचे प्रमाण वाढले की कोंबडी पाणी पीत सुटते, पातळ हगते आणि मरतेसुद्धा. कोकणात, मुंबईच्या आसपास सुकट स्वस्तात मिळते. सुकट घातली तर पेंड कमी करता येते, पण मग वरचे मीठ अजिबात नको. सुकटीतले मीठच पुष्कळ झाले. गावच्या चक्कीवाल्याने सुकट भरडायला नकार दिला तेव्हा काही तरुण चिडले. आम्ही त्यांना थांबवले. ज्या चक्कीत माणसाचे पीठ दळले जाते तिथे सुकट नको, हे त्याचे म्हणणे बरोबरच होते. सुकट घरी कुटता येते.

मजुरीत सोयाबीन मिळाले म्हणून तेच कच्चे भरडून घालणाऱ्या महिला आम्ही पाहिल्या. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारा घटक असतो. खमंग भाजल्याशिवाय ते देऊ नये. विदर्भात घरोघरी जनावरांसाठी सरकी पेंड असते, ती कोंबडीला नको. सरकीतल्या विषारी द्रव्याने वाढ खुंटते आणि अंड्यातला बलक हिरवट पडतो. सगळ्यांत मोठा धोका बुरशीचा. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. कारण शोधता शोधता ते शेंगदाण्याच्या पेंडीवरच्या बुरशीपर्यंत पोहोचले, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळले. आपल्याकडे पावसाळ्यात भिजलेला, काळा पडलेला मका ‘कोंबड्यांना चालतो’ म्हणून स्वस्तात आपल्या वस्तीत येतो. तो घेऊ नका! दाणा दाताखाली कडक फुटला पाहिजे. तयार खाद्य फळीवर ठेवावे, जमिनीवर नाही, आणि दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढेच करावे.

कोणी म्हणेल, संपादकीय पानावर हे पेंडीचे आणि मिठाचे काय चालले आहे? समाजाचे मोठे प्रश्न संपले काय? आमची आजी सांगायची, साहेब गावात मुक्कामाला आला की कोंबडी उचलली जायची ती आपल्याच वाड्यातून, आणि पैसे मागायची सोय नव्हती. सुगीत खळ्यावरची रास उचलली की माती झाडून आणायची. त्या मातीतल्या दाण्यांवर माणसे आणि कोंबड्या दोन्ही जगत. आज वेठ गेली, बलुते गेले, ते गेले याचा आम्हाला आनंदच आहे. पण ज्वारीची खळीही गेली. मळणीयंत्रातून धान्य थेट पोत्यात पडते, आणि शिवारात ज्वारीऐवजी ऊस आणि सोयाबीन उभे आहे. कोंबडीने वेचायचे काय? ‘कोंबडीला खर्च नाही’ हे वाक्य ज्या गावाबद्दल खरे होते ते गाव आता राहिले नाही. वर पक्ष्यांच्या साथीचे संकट आहेच. २००६ साली नवापूरला आणि २०२१ साली परभणी जिल्ह्यातील मुरुंब्याला साथ निघाली तेव्हा आसपासच्या घरांमधले निरोगी पक्षीही मारावे लागले. अशा वेळी पक्षी मोकळे सोडू नका असाच आदेश निघतो. म्हणजे कोंडून ठेवणे आले आणि खाद्य आलेच.

आता पेंडीचेच पाहा. ज्या महिला गुत्त्याने सोयाबीन काढतात, त्यांनाच त्याची पेंड किरकोळ दुकानातून दुकानदार सांगेल त्या भावाने घ्यावी लागते. २०२१ मध्ये पेंडीचे भाव भडकले तेव्हा मोठ्या पोल्ट्री व्यावसायिकांनी दिल्लीत गाऱ्हाणे मांडले आणि ऑगस्ट महिन्यात केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची बारा लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. त्यांचे गाऱ्हाणे खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. पण खुराड्यात पंचवीस कोंबड्या असणाऱ्या बाईने दोन किलो पेंडीचे गाऱ्हाणे कोणापुढे मांडायचे?

आमचे मागणे फार मोठे नाही. अनुसूचित जातींसाठीच्या निधीतून पक्षी द्यायचे असतील तर अंड्यावर येईपर्यंतच्या खाद्याचा खर्च त्या किमतीत धरा. अमुकच दुकानाचे पोते घ्या अशी तोंडी सक्ती काही ठिकाणी चालते, ती बंद करा. तशी अट असेल तर लेखी द्या, आम्ही ती न्यायालयात नेऊन दाखवतो. वाटपाच्या दिवशी साहेबांचे भाषण अर्धा तास कमी करून तेवढ्या वेळात खाद्य मिसळून दाखवा. बचत गटाला भरड्याचे एक लहान यंत्र द्या. आणि आपल्या भगिनींनीही एकेकटीने अर्धा किलो पेंड आणू नये. पाच घरांनी मिळून पोते आणले तर भाव करता येतो. महिन्याच्या नव्वद किलोंत किलोमागे पाच रुपये वाचले तरी साडेचारशे रुपये होतात. मुलीच्या एसटीच्या पासाचे आणि वह्यांचे काही तरी त्यात भागते.

त्या गावातल्या पाचही घरांत आज पक्षी आहेत. दोघींच्या तलंगा अंड्यावर आल्या, तिसरीच्या कोंबड्यांची पिसे अजून झडतात, तिला पुन्हा क्षार मिश्रणाचे प्रमाण दाखवून आलो. विषप्रयोगाची फिर्याद वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे लेखी पाठवल्यानंतर नोंदवली गेली. पंचनाम्यात मेलेल्या तलंगांची संख्या सहाऐवजी चार लिहिली आहे. ती दुरुस्त करून घेण्यासाठी येत्या सोमवारी आम्ही पुन्हा तालुक्याला जाणार आहोत.