पानगळीला कचरा म्हणू नका

फेब्रुवारी संपत आला की मला एक प्रश्न हमखास येतो. "अगं, वसंत आला, आता बागेत काय लावू?" मावश्या विचारतात, ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, एकदा तर बँकेतल्या काउंटरमागच्या बाईंनीही विचारलं होतं. माझं उत्तर ऐकून सगळ्या जरा हिरमुसतात. मी म्हणते, फारसं काही लावू नका. झाका!

आता हे झाकण्याचं प्रकरण काय ते सांगते.

"स्प्रिंग गार्डनिंग" हे आपण जिथून उचललं, तिथला वसंत निराळा. माझी चुलतबहीण न्यू जर्सीत असते. तिच्या अंगणातली माती मार्चमध्येही गारठलेली असते. शेवटचा हिमतुषार पडून गेला की मग कुठे टोमॅटो-मिरचीची रोपं घराबाहेर येतात. झोपलेली बाग जागी होते, म्हणून तिकडे त्या दिवसांचं एवढं कौतुक. आमच्या पुण्यात नेमकं उलट. पाऊस सरला की आपली बाग बहरते, थंडीभर शेवंती, झेंडू, पालक, मेथी सगळं मजेत चालतं, आणि मार्चमध्ये पारा पस्तिशीला टेकला की परीक्षा सुरू होते. तिची बाग उघडते तेव्हा माझी बाग तगून राहायच्या तयारीला लागते. तरी कामांच्या याद्या मात्र आपण तिकडच्या वाचतो. गुलाबाचंच बघा. तिकडे थंडी सरताना छाटतात. आपल्याकडची मुख्य छाटणी पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरात. मार्च-एप्रिलमध्ये गुलाब खरडून छाटलात तर कोवळी फूट उन्हात करपते, आणि मग नर्सरीवाल्याला शिव्या बसतात.

आपल्या वसंताने एक गोष्ट मात्र फुकट दिलेली आहे, आणि तीच आपण जाळतो. पानगळ.

शिशिरात सुरू झालेली पानगळ चैत्रापर्यंत चालते. देशी बदामाची लालबुंद पानं, मग कडुनिंब, पिंपळ, विलायती शिरीष, शेवटी करंज. झाड पान टाकतं तेव्हा तसंच टाकत नाही. नत्र, स्फुरद अशी कामाची द्रव्यं बरीचशी परत ओढून घेतं आणि मग देठ सोडतं. पक्का हिशेबी कारभार! तरीही पानात कर्ब उरतो, तंतू उरतात, आणि कॅल्शियम तर झाडाला परत नेताच येत नाही, ते पानातच राहतं. मुळांनी खोलवरून वर आणलेलं हे धन. ते मातीवर पडून कुजायचं, त्यातून पुढची माती व्हायची, असा मूळ बेत. आपण काय करतो? सकाळी सहाला खराट्याने गोळा करतो, कोपऱ्यात ढीग लावतो आणि काडी ओढतो. मग शंभर रुपये देऊन प्लास्टिकच्या पिशवीतून खत विकत आणतो!

डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळायला बंदी केली. साधं जाळलं तर पाच हजार, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर पंचवीस हजार रुपये दंड, असा तो आदेश होता. आमच्या सोसायटीत आदेशाची प्रत नोटीस बोर्डावर लागली आणि तिच्यापासून वीस पावलांवर ढीग धुमसतच राहिला. वाळलेली पानं भडकून जळत नाहीत, आत ओल असली की तासन् तास धुमसतात आणि धूर जमिनीलगत पसरतो. आमच्या इमारतीत दोन घरांत नेब्युलायझर आहे. एकीकडे चौथीतली मुलगी, दुसरीकडे सत्तरीचे काका. त्यांच्यासाठी हा प्रश्न बागेच्या हौसेचा नाही. एवढं कारण खरं तर पुरे व्हायला हवं, पण मीटिंगमध्ये "स्वच्छता दिसली पाहिजे" हे वाक्य नेहमी जिंकतं.

विरोधातलं सगळंच चूक आहे असं नाही. पार्किंगला लागून पानांचा डोंगर ठेवला आणि कुणी विडीचं थोटूक टाकलं तर काय होईल ते सांगायला नको. विंचू-सापाची भीतीही अगदीच खोटी नाही. म्हणून ढीग नकोच. गोणपाटात दाबून भरा, पाणी शिंपडा, आठवड्याला आंबट ताक किंवा शेणपाणी द्या आणि सावलीत विसरून जा. शिरिषाची बारीक पानं लवकर मुरतात, आंब्याची चिवट असतात, त्यांना पुढची दिवाळी उजाडते. झुरळं होतात ती उघड्यावर टाकलेल्या खरकट्याने, कोरड्या पानांनी नाही.

उरलेली पानं कुंडीत. मातीवर दोन-तीन इंचांचा थर, खोडाला मात्र चिकटू द्यायचा नाही. बदामाची पानं चुरडून टाका, नाहीतर त्यांची पत्रावळ होते आणि पाणी वरूनच वाहून जातं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या 'प्रयोग परिवारा'ने पालापाचोळ्याची ही किंमत किती आधी ओळखली होती! आम्ही मात्र त्याला 'मल्चिंग' म्हटल्यावर ऐकू लागलो :) माझ्या गॅलरीत पश्चिमेचं ऊन भाजून काढतं. पूर्वी एप्रिलात कुंड्यांना दोन वेळा पाणी लागायचं. पानं घालायला लागल्यापासून सकाळी एकदा दिलेलं पुरतं. आमच्याकडे टँकर येतो, त्यामुळे ही एक वेळ वाचणं म्हणजे काय ते शेजारच्या वहिनींनाही कळलंय.

बाकी कामं थोडकी. मोगऱ्याची छाटणी फेब्रुवारीच्या आतच उरका, मग खत-पाणी द्या, चैत्र-वैशाखात तो घर भरून टाकतो. भेंडी, गवार, काकडी लावायची तर याच दिवसांत. जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं काही दिसलं की तो पिठ्या ढेकूण समजायचा, आणि साबणाच्या पाण्याने धुऊन काढायचा, वाट बघायची नाही. फुललेल्या पिटुनियाला भुलून मार्चमध्ये खरेदी करू नका, ती थंडीची पाहुणी. सदाफुली, बोगनवेल, चिनी गुलाब आणा, त्यांना ऊन आवडतं. आणि कुंड्या बदलायची हौस मृगापर्यंत आवरा. मुळं दुखावलेल्या झाडाला मेचं ऊन सोसत नाही.

मावशी, तू विचारलेल्या अळूच्या कंदांचंही तेच. पावसाच्या तोंडावर लाव, आत्ता नको.

यंदा मी सोसायटीच्या झाडूवाल्या मावशींशीच बोलले, कमिटीला वगळून. त्यांना काडी ओढायची हौस नाहीच, ढीग नजरेआड व्हावा एवढंच हवंय. त्या भरून ठेवणार, मी गच्चीवर नेणार. आठ पोती झाली आहेत. मागच्या करंजाची पानं अजून पडायची आहेत, तेव्हा कुणाकडे रिकामी गोणपाटं असतील तर कळवा. तांदळाची चालतील, सिमेंटची नकोत.