पोराला घेऊन पाहिलेला नरसिंह

पावसाने फवारणी थांबली, म्हणून परवा पोराला घेऊन नाशकात ‘महावतार नरसिंह’ पाहिला. अश्विन कुमार यांचा हा ॲनिमेशनपट २५ जुलै २०२५ ला लागला. हिंदीत आहे, दक्षिणेतल्या भाषांत आहे, मराठीत नाही. पोरगं हिंदीचा अर्थ लावत बसलं.

वराह पृथ्वी वर काढतो तो भाग झकास. शेवटची मारामारी मात्र लांबली, कान बधिर झाले. हिरण्यकशिपूच्या वरातल्या अटी ऐकून मला पीकविम्याचा कागद आठवला. घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही!

पण पिक्चर उभा राहतो तो प्रल्हादावर. ना ओरडणं ना चिडणं, शांतपणे बापाला नाही म्हणतो. असे सीन अजून हवे होते.

येताना गंगापूर रोडला सिग्नलवर पोरगं मागून म्हणालं, "पप्पा, त्याने वडिलांचं ऐकलं नाही, तरी देव त्याच्याच बाजूने कसा?"

सकाळीच मी त्याची चित्रकलेची वही काढून घेऊन त्याला बागेत कामाला लावलं होतं. गिरणाऱ्यापर्यंत मी काही बोललो नाही.

घरातल्या पोरांना घेऊन जा, मंडळी. वही मी रात्रीच परत दिली.