सात बाय आठचं स्वयंपाकघर

"आमचं स्वयंपाकघर लहान आहे हो, सामान ठेवायचं कुठे?" ही तक्रार हळदीकुंकवाला हमखास निघते. माझं तरी कुठे मोठं आहे? समुद्रपूरच्या आमच्या भाड्याच्या घरात ते सात बाय आठ फुटांचं. एक ओटा, दोन फळ्या आणि वर माळा. त्यात वर्षाचे गहू, तूरडाळ, तेलाचा डबा, माठ, सिलिंडर आणि सासूबाईंची पितळी भांडी! सकाळी शाळेची घाई. जिऱ्याचा डबा सापडेस्तोवर फोडणी जळलेली.

मी यांच्यामागे कपाटाचा लकडा लावला. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सुताराले बोलावण्याआधी डबे त मोज ना वं!"

मोजले. त्रेचाळीस डबे निघाले. त्यांतले सतरा रिकामे, नाही तर तळाशी मूठभर काहीतरी. म्हणजे मी इतके दिवस हवाच साठवत होते म्हणा ना!

पण मोजता मोजता माळ्यावर लोणच्याच्या बरणीमागे दुसरंच काही हाती लागलं. कपाशीवर फवारायच्या औषधाची अर्धी बाटली. मुलांचा हात पोचू नये म्हणून यांनीच ती तिथे ठेवली होती. आणि शेजारी माझ्या सरबताच्या रिकाम्या बाटल्या! माझा पाच वर्षांचा मुलगा स्टूल ओढून माळ्याशी चढतो, हे मला ठाऊक होतं. मी खाली बसले ती बराच वेळ उठलेच नाही. यांना तरी काय बोलणार? घरात दुसरी जागाच नव्हती. आता ते औषध शेतातल्या कोठ्यात, कुलपाच्या पेटीत असतं, मूळ बाटलीतच. तुमच्याकडे शेती असेल, तर हे वाचून झाल्यावर आधी माळा बघा. डबे मग आवरा.

तेच धान्यात टाकायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचं. त्यांतून निघणारा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. राहत्या घरात त्या नकोतच. गहू उन्हात कडक वाळवून, पूर्ण गार करून भरावे. ऊन ऊन भरले तर कोठीत पाणी सुटतं. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थरांमध्ये घालावा, डाळीला एरंडेलाचा हात लावावा. आमच्या तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती वर्षाची घेतली तरी सगळी दळू नका. हळकुंडं जास्त टिकतात.

बाकी मांडणी सोपी आहे. रोजचं ते कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीवर, आठवड्याचं त्याच्या वर, सणावाराचं माळ्यावर. जड डबे नेहमी खाली. गोल डब्यांपेक्षा चौकोनी डबे फळीवर जास्त मावतात. पण आहेत ते टाकून नवे आणू नका, मोडतील तसे बदला. झाऱ्या-उलथन्यांसाठी दाराआड खिळ्यांची पट्टी ठोकली की एक ड्रॉवर वाचतो. सिलिंडर मात्र जागा वाचवायला बंद कपाटात कोंडू नका, आडवाही ठेवू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो. म्हणून सिलिंडर उभा, जमिनीवर, खालून हवा खेळेल असा हवा आणि शेगडी त्याच्याहून उंच.

राहिली पितळी भांडी. मोडीत देण्याचा विषय काढला, तर दोन दिवस सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या लग्नात घेऊन आलेल्या वस्तू, चूक माझीच. शेवटी दोघींनी मिळून निवड केली. दोन गुंड नणंदेकडे गेले. गंगाळात आता बटाटे असतात, ओट्याखालच्या अंधारात. कांदे त्यांच्यात मिसळत नाही, नाही तर दोन्ही लवकर सडतात. ते खिडकीपाशी टोपलीत टांगले आहेत. गंगाळ दर अमावास्येला चिंच लावून घासायचं, ही अट सासूबाईंनी घातलीच आहे.