कृषिदूतास हंगामाचे काम द्यावे

कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थी पदवीच्या अखेरच्या वर्षी 'ग्रामीण कृषी कार्यानुभव' कार्यक्रमाखाली खेड्यांत येतात. मुलांस कृषिदूत व मुलींस कृषिकन्या म्हणण्याची रीत पडली आहे. १९९२ साली रंधावा समितीने या कार्यक्रमाची शिफारस केली. २०१५ साली सुरू झालेल्या 'स्टुडंट रेडी' योजनेत त्याचा समावेश झाला. योजना उत्तम आहे. मात्र आलेल्या विद्यार्थ्याकडून कोणते काम करवून घ्यावे, याचा विचार गावात क्वचितच होतो.

मग सोयाबीनला पाने फुटल्यावर बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते. ओंजळभर बियाण्यास रायझोबियम चोळतात, छायाचित्र घेतात, वहीत नोंद करतात. शेतकरी सौजन्याने उभा राहतो व मनात हसतो. त्याचे हसणे रास्तच आहे. पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून किती उगवले हे विद्यार्थ्याने मोजले असते, आणि सत्तरांहून कमी उगवल्यास शेतकऱ्यास वेळीच सावध केले असते, तर एखाद्या घरची दुबार पेरणी टळली असती.

विद्यार्थी ज्या दिवशी येईल त्या दिवशी शेतात जे काम उभे असेल, तेच त्यास द्यावे. पेरणी आटोपली असेल तर कापूस आहेच. गुलाबी बोंडअळीवर नजर ठेवण्यासाठी लागवडीनंतर सुमारे ४५ दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे लावावयाचे असतात. ओळीने तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज सरासरी आठ किंवा अधिक पतंग आढळले, म्हणजे उपाय योजण्याची वेळ आली असे समजतात. हिशेब सोपा, पण रोजचा. निंदणी-खुरपणीच्या घाईत शेतकऱ्याकडून एखादा दिवस चुकतोच. येथे वही घेऊन फिरणारा विद्यार्थी खरोखर उपयोगी पडतो. शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारावे, ही सवय मोडण्यास व्याख्यानापेक्षा आठ दिवसांची नोंद अधिक कामास येते.

अर्थात विद्यार्थी शिकाऊ आहे. औषधाची मात्रा त्याने आपल्या अधिकारात सांगू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यास किंवा कृषी विज्ञान केंद्रास विचारून सांगावी. मात्रा चुकली तर विद्यार्थ्याचे गुण जातात, शेतकऱ्याचे पीक जाते. ही दोन नुकसाने सारखी नव्हेत. त्याचबरोबर ग्रामपंचायतीची दप्तरे लिहावयास किंवा फुकटचा मजूर म्हणून त्यास राबविणेही योग्य नाही. (काही गावांत हा मोह आवरत नाही.) एका विद्यार्थ्यास एक-दोन शेतकरी नेमून द्यावे आणि त्याने हंगामभर त्यांच्याच बांधावर जावे. दहा ठिकाणी दहा प्रात्यक्षिके करून तो जे शिकणार नाही, ते एकाच शेतातील ओल, तण व कीड रोज पाहून शिकेल.

विद्यार्थी परत जाताना नोंदवहीची एक प्रत शेतकऱ्याच्या घरी राहील, एवढे गावपातळीवरील कार्यकर्त्याने अवश्य पाहावे. पुढील खरिपात सापळे लावताना तारखा त्याच वहीत पाहावयाच्या आहेत.