शेजारच्या घरातला कर्वे

शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात, ही म्हण आपण थट्टेने वापरतो. मला ती हल्ली थट्टेची वाटत नाही. शूर माणसाला एकदा ‘असामान्य’ म्हणून टाकले की आपण सुटलो. त्याच्यात धमक होती, आपण साधी माणसे, मनुष्यस्वभावच असा. पुतळ्याला हार घालायचा आणि घरी यायचे.

या ‘मनुष्यस्वभावा’शीच मला भांडायचे आहे.

गेल्या वर्षी बडोद्यात मी राहतो त्या सोसायटीत केरळच्या दोन नर्सना भाड्याने घर हवे होते. घरमालक तयार होता. सभेत एकाने विचारले, मुली एकट्या राहणार, रात्री-अपरात्री येणार, लक्ष कोण ठेवणार? दुसरे गृहस्थ म्हणाले, त्या वाईट आहेत असे कोण म्हणतो, पण मोकळीक मिळाली की माणूस घसरतोच. पंधरा-वीस जण होतो. मला हे पटले नव्हते, तरी गप्प बसलो, कारण माझ्या पार्किंगचा अर्ज त्याच कमिटीपुढे होता. दोन दिवसांनी त्यांतली एक जिन्यात भेटली. ‘घर दुसऱ्याला गेलं’ हे तिला सांगितले ते मीच.

मोकळीक मिळाली की माणूस घसरतो, हे वाक्य जुने आहे. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा त्यांच्यासमोर हेच टाकले गेले: गर्भाची भीती गेली की समाजाची नीती गेली. असे म्हणणारे सगळेच कर्मठ नव्हते. गांधीजींचाही कृत्रिम साधनांना विरोध होता, आणि 1935च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्याला भेटायला आल्या तेव्हाही ते संयमाच्याच बाजूने ठाम राहिले. पण त्यांना संयम निश्चयातून हवा होता. सनातन्यांना नुसती भीती पुरत होती.

समजा, सनातन्यांचे खरे आहे. मग केवळ दिवस राहतील या धास्तीने जिचे पाऊल अडले, तिला नीतिमान कशासाठी म्हणायचे? कुलूप पाहून परत फिरलेल्या चोराला आपण प्रामाणिक म्हणत नाही. शिवाय ही धास्ती एकट्या बाईची. पुरुषाला गर्भ राहत नाही. मग त्याची नीती इतकी शतके कशावर उभी होती? की ती उभी नव्हतीच, आणि तसे असले तरी कोणाला चालत होते? कर्व्यांचा राग मुळात या दुटप्पीपणावर होता. ज्यात दुसऱ्याला इजा नाही त्याला अनीती म्हणू नये, एवढी त्यांची साधी कसोटी. आमच्या सभेत ती लावली असती तर दोन मिनिटांत विषय संपला असता. त्या मुली कोणाचे काय बिघडवणार होत्या?

कर्व्यांच्या आयुष्यात धडाडीचे प्रसंग शोधायला गेलात तर हाती फारसे लागणार नाही. प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि 1953 साली मृत्यू येईपर्यंत चालवले. म्हणजे काय केले? लेख लिहिले, पदरचे पैसे घातले, आणि लोक जे डॉक्टरलाही विचारायला लाजत त्या प्रश्नांना छापून उत्तरे दिली. त्या उत्तरांवरूनच 1934 साली अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, 200 रुपये दंड झाला. मासिक चालूच राहिले. (मालतीबाईंनी या सगळ्याची किती किंमत मोजली, हा वेगळा लेख आहे, मीही इथे त्यांना एकच वाक्य देतो आहे, याची जाणीव आहे.)

आता कपांवर आणि टी-शर्टांवर ‘बिनधास्त जगा’ असे छापून येते. त्या बिनधास्तपणात डोंगर चढायचा असतो, नोकरी सोडून भटकायचे असते. करावे, माझी हरकत नाही. पण त्यात शेजाऱ्यांशी वाकडे घ्यावे लागत नाही. सोसायटीच्या सभेत उभे राहून ‘हे चूक आहे’ म्हणणे त्या यादीत मला कुठे दिसले नाही.

माझा एक मित्र म्हणाला, अरे, इतका का स्वतःला टोचून घेतोस, भीती नैसर्गिक आहे. आहेच. पण जिन्यात त्या मुलीशी खोटे बोलताना माझे कान तापले होते, तेही नैसर्गिकच होते ना? ते काही मी पुस्तकात वाचून शिकलो नव्हतो. मनुष्यस्वभावाचा हिशेब मांडताना आपण भीती लिहितो, लोभ लिहितो, वासना तर मोठ्या अक्षरांत लिहितो. लाज गाळतो. दुसऱ्यावर अन्याय होताना पोटात जे ढवळते तेही गाळतो. कर्वे कोण्या वेगळ्या मातीचे होते असे मला वाटत नाही. आपण गाळतो त्या रकमा त्यांनी हिशेबात धरल्या, इतकेच.

पार्किंगची जागा मला मिळाली. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घराला अजून कुलूप आहे.